मोटरहोम आहे, पण पाय पूर्वीसारखे नाहीत: काय बदलावं, काय तसंच ठेवावं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ राहतो. वय ६४. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला, तेव्हा आम्ही वाळवा तालुक्यात होतो. उजवा पाय तेव्हापासून बारीक. शाळा, मिरजेतलं कॉलेज, नोकरी, १९९१ साली इकडे येणं, सगळं एक कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि एक काठी यांवर निभावलं. गेल्या काही वर्षांत मात्र डावा पायही दमायला लागला, पाठोपाठ खांदे. डॉक्टरांनी पोस्ट-पोलिओ सिंड्रोम सांगितला. मूळ आजारानंतर पंधरा ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा हा डोकं वर काढतो. सकाळी मी कुबड्यांवर बऱ्यापैकी हिंडतो, संध्याकाळी व्हीलचेअर. रात्री श्वासासाठी बायपॅप मशीन लागतं.

गाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेली आमची मोटरहोम, फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली, जर्मन बनावटीची, सात मीटर लांब, ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. डाव्या पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर बसवून घेतलाय, त्यामुळे चालवतो मीच. स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्समधलं ब्रिटनी असं आम्ही दोघं भरपूर फिरलोय. हे बंद करायचं नाही, एवढं ठरलंय.

आता अडचणी. आतली फरशी जमिनीपासून ५८ सेंमी उंच आणि दाराशी एकच इलेक्ट्रिक पायरी. गाडी युरोपच्या बाजारासाठी बांधलेली असल्याने राहण्याच्या भागाचं दार इथे रस्त्याच्या बाजूला उघडतं. न्हाणीघराचं दार ४८ सेंमी, माझी खुर्ची ६४. पलंग मागे, गॅरेजच्या (गाडीतल्याच सामानाच्या कप्प्याच्या) वर, दोन पायऱ्या चढून.

एका डीलरने सरळ ‘ही विका, नवी घ्या’ म्हणून सांगितलं. एका वर्कशॉपने मागच्या टोकाला व्हीलचेअर लिफ्ट सुचवली आणि लगेच तारीखही विचारली. त्या घाईमुळेच मी इकडे आलो. कुणी असं काम करून घेतलंय का? सुरुवात कुठून करावी?

---

निशिगंधा_७४

वाचतेय. बाबांना पार्किन्सन्स आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ उपयोगाची.

---

डिझेलदास

काका, सुरुवात वजनकाट्यापासून करा. लिफ्ट, रॅम्प, पलंग सगळं नंतर.

तुमच्या गाडीच्या पाटीवर बहुधा ३,५०० किलो कमाल वजन लिहिलेलं असेल. सात मीटरच्या गाड्या कोऱ्या असतानाच या आकड्याच्या जवळ असतात. त्यात दाराबाहेरचं कापडी छत, सायकल रॅक, दुसरी बॅटरी आणि स्वयंपाकघरातला संसार. पाणी, डिझेल, गॅस भरून, दोघांनी आत बसून काटा करा. नुसतं एकूण वजन नको, पुढचा आणि मागचा ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस) वेगवेगळा.

मागच्या टोकाला लिफ्ट म्हटल्यावर मला धडकी का भरली ते सांगतो. समजा लिफ्ट १५० किलोची आहे आणि मागच्या ॲक्सलच्या मागे १.८ मीटरवर बसवली. लांब डुकाटोचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, ४.०३५ मीटर. तरफेचा हिशेब केला तर मागच्या ॲक्सलवर १५० नाही, सुमारे २१७ किलो येतात, आणि पुढचा ॲक्सल ६७ किलोंनी हलका होतो. डुकाटोला पुढची चाकं ओढतात. म्हणजे ओल्या गवतावर ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरचंच वजन गेलं. नाकापेक्षा मोती जड.

दुसरं लायसनचं. तुम्ही १ जानेवारी १९९७ च्या आधी परीक्षा पास झालेले असाल तर साडेसात टनांपर्यंतच्या गाड्यांचा सी-१ परवाना तुमच्याकडे आपोआप असेल, पण तो ७० वर्षांपर्यंत. पुढे डॉक्टरांचा फॉर्म भरून नूतनीकरण. गाडीचं कागदावरचं वजन ३,८५० करून घेणं तुमच्यापुरतं सोपं आहे. वहिनी चालवतात का? त्यांची परीक्षा कधीची?

---

वारणाकाठ

डिझेलदास, काटा करून आलो. टाकीत १०० लिटर पाणी, डिझेल फुल, आम्ही दोघं आत. एकूण ३,३४०. पुढे १,५१०, मागे १,८३०. पाटीवरची मर्यादा ३,५००, मागच्या ॲक्सलची २,०००.

म्हणजे तुमच्या हिशेबाने मागची लिफ्ट एकूण वजनात कशीबशी बसते, ३,४९०. पण मागचा ॲक्सल २,०४७ वर जातो. वर्कशॉपवाल्याने एकदाही काट्याचं नाव काढलं नव्हतं.

हिची परीक्षा २००३ ची. म्हणजे ३,५०० च्या वर एक किलोही नाही.

---

डिझेलदास

मग कागदावर वजन वाढवायचा मार्ग बंदच समजा. ज्या दिवशी तुमचा डावा पाय सांगेल ‘आज नाही’, त्या दिवशी गाडी घरी आणणारं कुणी हवं. वहिनी सी-१ ची परीक्षा देऊ शकतात, पण मेडिकल, थिअरी, ट्रकवर प्रॅक्टिकल, असा सगळा व्याप आहे.

लिफ्ट लावायचीच तर दोन ॲक्सलच्या मध्ये. दार मागच्या ॲक्सलच्या ८० सेंमी पुढे आहे असं धरलं तर १५० पैकी साधारण १२० मागे जातात, ३० पुढे. मागचा ॲक्सल १,९५०. बसतं. शिवाय पाणी २० लिटरच घेऊन निघा, कॅम्पसाइटवर भरा. ८० किलो तिथेच वाचले.

---

धुकं_आणि_चहा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आधी नाशिकला, आता ब्रिस्टलला. काका, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: सकाळी कुबड्या, संध्याकाळी खुर्ची. बहुतेक जण गाडी सकाळच्या माणसासाठी बदलून घेतात. पाहायला जातात सकाळी, मापं घेतात सकाळी, ‘एवढी पायरी जमते की’ म्हणतात सकाळी. पण मुक्कामाला पोचायचं असतं दिवसभर गाडी चालवून, संध्याकाळी, बहुतेक वेळा पावसात. गाडी त्या माणसासाठी करा.

पोलिओवाल्यांच्या बाबतीत तर हे फारच खरं. ‘जेवढं वापराल तेवढं बळ वाढेल’ हा सल्ला इथे उलटा पडतो. उरलेल्या मज्जापेशी आधीच दुप्पट-तिप्पट काम करत आलेल्या असतात, त्यांना आणखी राबवलं की शक्ती कमीच होते. तुमच्या पिढीला लहानपणापासून ‘जोर लाव, जमेल’ हेच शिकवलं गेलं, त्यामुळे मदत घेणं म्हणजे हार वाटते. खांदे जपा. व्हीलचेअरवर जायची वेळ येईल तेव्हा पायांचं सगळं काम खांद्यांकडेच येणार आहे.

आता नेमकं बोलते.

बसायच्या सगळ्या जागा एका उंचीवर आणा. खुर्चीची सीट, सोफा, पलंग, कमोड, सगळं ४६ ते ४८ सेंमीच्या आसपास. उंची सारखी असली की सरकून जाता येतं, उठावं लागत नाही. मधे घसरफळी ठेवली की झालं.

मागच्या पलंगाचा नाद सोडा. त्याच्यासाठी पायऱ्या, कठडे, लिफ्ट काही करू नका. ती जागा सामानाला द्या आणि पुढच्या बैठकीतच झोपायची सोय करा.

न्हाणीघराचं दार काढून टाका, पडदा लावा. दाराच्या चौकटीतलं पॅनल कापता येत असेल तर ६० सेंमीपर्यंत जागा होते. खुर्ची आत जायची गरज नाही, खुर्चीवरून कमोडवर सरकता आलं की पुरे. रात्री बाटली वापरा आणि त्यात लाजू नका. अर्धवट झोपेत, थंडीत, अरुंद जागेत उठणं हीच पडण्याची सगळ्यात मोठी वेळ. पोलिओच्या पायाचं हाड ठिसूळ असतं, पडलात तर महिनोन्महिने जातील.

काहीही कापण्याआधी दिवाणखान्यात फरशीवर मास्किंग टेप लावून गाडीचा आराखडा पूर्ण मापात काढा आणि त्यात खुर्ची फिरवून बघा. फुकट आहे आणि भलतीच शहाणपणाची गोष्ट आहे.

---

ऱ्हाईनकाठचा_मावळा

कोलोनजवळून. बायकोला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, आमच्या गाडीत फरशीखाली सरकणारी कॅसेट लिफ्ट आहे. एरवी दिसत नाही, बटण दाबलं की दाराखालून फळी बाहेर येते, वर येते, खुर्ची घेऊन खाली जाते.

रॅम्पचा विचार कुणी सुचवला तर आधी गणित करा. १ ला १२ हा उतार इमारतींसाठी धरतात. ५८ सेंमी उंचीला म्हणजे जवळजवळ सात मीटर रॅम्प, गाडीएवढाच! १ ला ६ केला तरी साडेतीन मीटर, आणि तेवढ्या चढावर मागून ढकलणाऱ्याचं कंबरडं मोडतं. मोटरहोमला रॅम्प फक्त खाली उतरवलेल्या चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) शोभतो. अल-को कंपनीची चासी घेतली तर फरशी साधारण २० सेंमी खाली येते, पण ते नवी गाडी घेताना. असलेल्या गाडीला नाही.

लिफ्टबद्दल तीन गोष्टी बघाच. वीज गेली तर हाताने पंप करून खाली येते का? फळीला पुढे आपोआप उभी राहणारी कड आहे का? आणि फरशीखाली जागा आहे का, कारण तुमच्या दाराखाली सांडपाण्याची टाकी असेल तर विषयच संपला. आमच्याकडे बसवल्यावर टीयूव्हीच्या (जर्मनीतल्या वाहन तपासणी संस्थेच्या) माणसाने तपासून गाडीच्या कागदांत नोंद केली. तुमच्याकडे निदान इन्शुरन्सला लेखी कळवा.

लिफ्टला हिवाळ्यात मीठ खातं. रस्त्यावरच्या मिठाने आमचे सांधे गंजले, आता दर शरद ऋतूत ग्रीस.

---

डिझेलदास

मावळे, तुमची लिफ्ट चांगलीच असेल, पण काका अजून चालतात. माझं मत: ५८ सेंमीला चार बुटक्या पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंमीच्या आत, रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. ॲल्युमिनियमचा घडीचा स्टँड १५ ते २० किलोत येतो. बिघडण्यासारखं काही नाही.

---

धुकं_आणि_चहा

डिझेलदास, वजनाचं तुमचं सगळं पटलं, हे नाही. तो स्टँड गॅरेजमधून काढून, उघडून, दाराशी नेऊन लावणार कोण? आणि लावल्यावर दिवसातून आठ-दहा वेळा चार पायऱ्या चढणार कोण? आज जमेल. तीन वर्षांनी?

---

डिझेलदास

तीन वर्षांनी लिफ्ट लावा. आज दीडशे किलो कशाला वाहायचे?

---

धुकं_आणि_चहा

कारण तीन वर्षांनी काका म्हणतील, आता कशाला एवढा खर्च, आणि गाडी विकतील. हे मी पेशंटांच्या घरी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

---

हिशेबनीस

मधेच पैशांचं बोलतो, कारण एक गोष्ट वेळेशी बांधलेली आहे.

काका, तुम्ही पिप घेता का? पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता? नसाल घेत तर निवृत्तीवेतनाचं वय व्हायच्या आधी अर्ज करा. त्या वयानंतर नवा अर्ज करता येत नाही. मग अटेंडन्स अलाउन्स मिळतो, आणि त्यात हिंडण्याफिरण्यासाठी वेगळा भाग नाहीच. आधीपासून पिप असेल तर ते पुढे चालू राहतं. पिपच्या मोबिलिटी भागाचा वरचा दर मिळाला तर एका गाडीचा रोड टॅक्स माफ होतो. ती एक गाडी कार की मोटरहोम, हे तुम्ही ठरवायचं.

व्हॅट: नवी मोटरहोम शून्य व्हॅटवर घेता येते, पण घेणारा व्हीलचेअर वापरणारा हवा, गाडीत मोठे आणि कायमस्वरूपी बदल हवेत, आणि २०१७ पासून तीन वर्षांतून एकदाच.  मात्र आहे त्या गाडीत तुमच्या अपंगत्वासाठी जे बदल कराल, त्यांवर व्हॅट शून्य होऊ शकतो. तसं घोषणापत्र वर्कशॉपला काम सुरू होण्याआधी द्यायचं. बिल फाटल्यावर नाही.

---

पेठेतला_पुणेकर

धागा सुंदर चालू आहे. जरा भारताकडे वळवतो, रागावू नका. आईला पक्षाघातानंतर डावी बाजू चालत नाही. कोकणात गावी न्यायचं तर कारमध्ये पाच-सहा तास बसवत नाही. डोक्यात आलंय की जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी, चार सीट काढाव्यात, एक पलंग, एक कमोड आणि मागे लिफ्ट. गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, करून टाकू, कोण विचारतंय?’

---

लायसन_ते_पासिंग

विचारतात हो, आणि नेमकं अपघातानंतर विमा कंपनी विचारते.

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसी बुकमधला तपशील बदलेल असा बदल गाडीत करता येत नाही. सीट काढल्या की आसनसंख्या बदलली. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत मात्र ‘अडॅप्टेड व्हेइकल’ ही व्याख्या आली: अपंग व्यक्तीसाठी खास बांधलेली किंवा बदललेली, आणि फक्त तिच्यासाठीच वापरली जाणारी गाडी. तुमचा रस्ता तो. २०२० पासून नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकाचा प्रकार म्हणून ‘दिव्यांगजन’ लिहिता येतं.

क्रम असा ठेवा. आधी आईंचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. मग बदलांचा आराखडा घेऊन आरटीओत लेखी परवानगी. मग गाडी खरेदी. मग काम. लोक बरोबर उलट्या क्रमाने जातात आणि पासिंगला अडकतात. ट्रॅव्हलर बहुधा टुरिस्ट परमिटवर असते, ती खासगी करून घेणं हा वेगळा उद्योग. राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नियमांत शारीरिक अपंगत्वासाठी खास बांधलेल्या वाहनाला सूट आहे, पण त्यासाठीही आरसीवर तशी नोंद हवी.

खरं सांगू? वर्षातून दोनदा गावी जायचं असेल तर भाड्याची स्ट्रेचरवाली व्हॅन घ्या. रोजच वापरणार असाल तर एवढा खटाटोप करा.

---

पेठेतला_पुणेकर

धन्यवाद. ‘आधी परवानगी, मग खरेदी’ लिहून फ्रिजवर लावतो. गॅरेजवाल्याला नमस्कार.

---

सॅन_होजे_कर

अमेरिकेतून एवढंच की इथे कारखान्यातूनच असं बांधून मिळतं. विनेबागोची रोम नावाची व्हॅन व्हीलचेअर लिफ्टसकट येते. किंमत बघून मात्र पाय धरून खालीच बसावं लागतं. ज्यांना कायमचं अपंगत्व आहे अशा इथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा ॲक्सेस पास फुकट, बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर अर्धं भाडं. आपले आईबाबा ग्रीन कार्डवर असतात, त्यांनाही लागू. फार कमी लोकांना माहीत आहे.

---

शॉर्टसर्किट

काका, बायपॅप म्हणालात ना, तिथे माझं लक्ष गेलं. कारण अजून विजेवर कुणी बोललंच नाही.

ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवून मशीन ढोबळमानाने ३० वॅट खातं. आठ तासांना २४० वॅट-तास. ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू केली की सहज दुप्पट-तिप्पट. शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. रात्रीपुरतं भरपूर. पण पुढे इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेतलीत तर तिच्या दोन बॅटऱ्याच १,२०० वॅट-तासांच्या असतात. म्हणजे ती गाडीच्या बॅटरीवर चार्ज करायची तर रात्री मशीनला काही उरणार नाही. श्वासाच्या मशीनसाठी वेगळी बॅटरी ठेवा, तिला दुसरं काहीही जोडू नका. जुन्या लेड बॅटऱ्या दोन असतील तर त्या काढून एक लिथियम घातल्यावर तीस-पस्तीस किलो कमीही होतील. डिझेलदास खूश.

कॅम्पसाइटच्या विजेचा आकडा विचारत चला. १६ अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या वर, फ्रान्समध्ये ६ अँपिअर मिळाले तर जेमतेम १,४०० वॅट. इंडक्शनवर पिठलं रटरटतंय आणि कुणी किटली लावली की अंधार. आणि त्या अंधारात तुमची लिफ्ट अर्ध्यात नको, म्हणून लिफ्ट नेहमी गाडीच्या बारा व्होल्टवर.

गॅसचं गंभीरपणे घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून फरशीत खाली झरोके ठेवलेले असतात. व्हीलचेअर नीट सरकावी म्हणून नवी फरशी किंवा रबर घालताना ते झरोके झाकले जातात, हे मी दोन गाड्यांत पाहिलंय. लिफ्टची कॅसेट खालून झरोका अडवत नाही ना, तेही बघा.

आणि शेगडी कुठे आहे? बहुतेक गाड्यांत ती दाराजवळ असते. आग लागली तर ती तुमच्या आणि दाराच्या मध्ये. धडधाकट माणूस खिडकीतून उडी मारेल, तुम्ही नाही. ड्रायव्हरच्या केबिनचं दार हा तुमचा दुसरा रस्ता. तिथपर्यंत खुर्चीवरून सरकत जाता येतं का, हे अंधारात एकदा करून बघा.

---

तिखटमीठ

नमस्कार. मी वारणाकाठ यांची सौ. गेले चार दिवस हे रात्री फोनमध्ये डोकं घालून बसलेत, म्हणून पाहिलं तर इथे आमच्या संसाराची मापं निघालीत.

तुम्ही सगळे ह्यांचा विचार करताय, छान आहे. पण गाडीत दोन माणसं असतात. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठायची पेटी, भरली की वीस किलोच्या आसपास होते. ती ओढून बाहेर काढायची, चाकांवर ढकलत न्यायची, उचलून ओतायची. हे काम ह्यांच्याकडून कधीच सुटलंय, आणि माझा उजवा खांदाही आता उचलू देत नाही. त्यावर कुणी काही बोललं नाही!

पलंगाचं मला पटलं. मागे झोपायचं बंद. पुढच्या बैठकीच्या दोन्ही सोफ्यांचे दोन वेगवेगळे पलंग करा, म्हणजे मला रात्री ह्यांच्या अंगावरून जावं लागणार नाही.

आणि गाडी मी चालवणार. अर्धा रस्ता तरी. हे कबूल करत नाहीत, पण तासाभरानंतर ह्यांचा डावा पाय थरथरतो, मला शेजारून दिसतं. सीट मला पुढे घ्यावी लागते आणि तो डाव्या बाजूचा ॲक्सिलरेटर माझ्या पायात येतो, त्याची भीती वाटते.

---

डिझेलदास

वहिनी, एकदम रास्त. डाव्या बाजूचं पेडल दुमडणारं असतं: ते खाली केलं की मूळ पेडल आपोआप वर जातं आणि उलट. तुमचं तसं नसेल तर आधी तेच बदला, लिफ्टच्याही आधी. हातांनी चालवायची दांडी, म्हणजे ढकलली की ब्रेक आणि ओढली की ॲक्सिलरेटर, लावायची असेल तर ड्रायव्हिंग मोबिलिटी या अपंग चालकांसाठीच्या संस्थेच्या केंद्रात जाऊन काकांचं मूल्यमापन करून घ्या. तिथे खांद्यांना ते झेपेल का, हेही कळेल. डीव्हीएलएला (लायसन देणाऱ्या सरकारी कार्यालयाला) कळवायचंच, लायसनवर त्याचे कोड येतात.

कॅसेटचं उत्तर म्हणजे अर्धी भरली की ओतणं. दुसरी रिकामी कॅसेट बरोबर ठेवा आणि पाणी बेताने वापरा. मैला दळून पंपाने बाहेर टाकणारी यंत्रणा मिळते, पण तिला पाणीही जास्त लागतं आणि वजनही वाढतं. कॅम्पसाइटवर अपंगांसाठीची टॉयलेटं असतात; रडार किल्ली करून घ्या, १९८१ पासूनची योजना आहे, देशभर हजारो टॉयलेटं त्या एका किल्लीने उघडतात. जेवढं बाहेर कराल तेवढं उचलणं कमी.

---

वारणाकाठ

घरातूनच प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. असो. सौ.चं बरोबर आहे, पायाचंही.

चार दिवसांत दिवाणखान्यात टेप लावून आराखडा काढला. संध्याकाळी सहानंतर, मुद्दाम दमल्यावर, खुर्ची फिरवली. मधल्या वाटेत खुर्ची वळतच नाही. म्हणजे आत खुर्ची फिरवायची कल्पनाच बाद. खुर्ची दारापर्यंत येईल, तिथून सोफ्यावर सरकायचं, आत जे चालायचं ते दोन पावलं, दोन्ही हातांना धरायला काहीतरी असलं की जमतं.

मग लिफ्टचा प्रश्न बदलला. मावळे, तुमच्यासारखी पूर्ण रुंदीची कॅसेट लिफ्ट आम्हाला नको. खाली बघितलं, दाराखाली सांडपाण्याची टाकी आहेच. आता एक लहान लिफ्ट बघतोय. दाराच्या चौकटीत बसणारी, एका माणसाला उभं किंवा घडीच्या आसनावर बसवून वर घेणारी, हातपंपासकट. वर्कशॉपने वजन साठ किलोच्या आत सांगितलंय, ते मी लेखी मागितलंय. खुर्ची सौ.ने पुढच्या सीटमागे ठेवायची. डिझेलदास आणि थेरपिस्टताई, दोघांचंही अर्धंअर्धं ऐकलं म्हणा.

दार रस्त्याच्या बाजूला आहे, त्यामुळे लिफ्ट फक्त कॅम्पसाइटवर वापरायची. कॅम्पिंग क्लबच्या साइटवर दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर ठेवतात, तिथे जागा पुरते. वाटेत चहाला थांबलो तर मी केबिनमध्येच बसणार आणि चहा सौ. देणार. (हे वाक्य ती वाचतेय.)

बायपॅपची बॅटरी वेगळी. ॲक्सिलरेटर दुमडणारा. पिपचा फॉर्म मागवला. थंडीचं कुणी विचारलं नव्हतं, पण पोलिओचा पाय गार पडला की संध्याकाळभर लाकूड होतो, म्हणून हीटरची एक नळी सोफ्याखाली, पायाशी वळवून घेतोय.

शेवटचा प्रश्न. दाराशी, न्हाणीत आणि वाटेत धरायला दांडे लावायचेत. घरातल्यासारखे स्क्रूने लावले तर चालतील?

---

शॉर्टसर्किट

नाही! गाडीची भिंत म्हणजे बाहेर पातळ ॲल्युमिनियम किंवा फायबर, मधे फोम, आत तीन मिलिमीटरचं प्लायवूड. स्क्रू त्या प्लायमध्येच अडकतो. रोजच्या कपड्यांना चालेल, घसरणाऱ्या माणसाला नाही, आणि तो दांडा सुटणार तो नेमका तुम्ही सगळा भार टाकल्यावरच.

---

ऱ्हाईनकाठचा_मावळा

आमच्याकडे भिंतीतल्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटी शोधून तिथेच धरलं. जिथे चौकट नव्हती तिथे आतून मोठी ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून त्यावर दांडा, म्हणजे भार पसरतो. आरपार बोल्ट टाकलात तर बाहेरून सिकाफ्लेक्सने (फटी बुजवायच्या चिकट लेपाने) नीट सील करा, नाहीतर पाणी शिरून भिंत आतून कुजते. फॅक्टरीकडून चौकटींचा नकाशा मागा, आम्हाला ईमेलवर मिळाला होता.

---

धुकं_आणि_चहा

दांड्याची जागा टेपने खूण करून आठवडाभर तशीच ठेवा, काका. हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि मग भोक पाडा. बहुतेकांचा हात मापाच्या पुस्तकापेक्षा जरा खाली जातो. आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा नको.

---

तिखटमीठ

पिवळा आणतेय. नकाशासाठी ईमेल मी पाठवते, ह्यांच्यावर सोडलं तर गणपती येतील.